‘मड’ : शब्दांनी बांधलेल्या पहिल्या सामाईक भूमीची हकीकत

१९९९ सालच्या उन्हाळ्यात नागपूरच्या धरमपेठेतल्या एका सायबर कॅफेमध्ये मी आणि माझा वर्गमित्र शेजारशेजारच्या दोन संगणकांवर बसलो होतो. रात्रीचे अकरा वाजून गेले तरी बाहेरचे डांबर तापलेलेच होते, आत खसाच्या ताट्यांचा कुलर घरघरत होता, आणि कॅफेच्या मालकांनी रात्रीच्या कमी दराने आम्हाला दोन तास दिले होते. मित्राने कुठूनतरी एक टेलनेटचा, म्हणजे दूरच्या संगणकाशी नुसत्या अक्षरांतून जोडून देणाऱ्या सोयीचा, पत्ता मिळवला होता. तो टाकल्यावर काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरे उमटली : आपण एका मंदिराच्या सभागृहात उभे आहोत, पायऱ्या खालच्या चौकाकडे जातात, वगैरे. त्या वर्णनाच्या खाली आणखी एक ओळ होती. तीत मित्राने नुकतेच घेतलेले पात्राचे नाव होते आणि त्यापुढे ‘येथे उभा आहे’ अशा अर्थाचे शब्द होते.

मी मान वळवून त्याच्या खुर्चीकडे पाहिले. तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, “अबे, मी इथंच तर उभा आहो, तुले दिसत नाही का?”

त्याचे ‘इथंच’ म्हणजे ते मंदिर होते, धरमपेठ नव्हे. चित्र नाही, आवाज नाही, नुसत्या अक्षरांनी आम्हा दोघांना एकाच जागी उभे केले होते आणि ती जागा दोघांनाही एकदमच खरी वाटली होती. नुसत्या शब्दांनी बांधलेल्या आणि अनेकांनी एकत्र खेळायच्या अशा खेळाला ‘मड’ म्हणतात. पुढे मी संगणकशास्त्र शिकलो आणि आता नागपुरातच ते शिकवतो, परंतु त्या रात्रीचा ‘येथे’ हा शब्द माझ्या मनातून गेलेला नाही. तो ‘येथे’ नेमका कुठे होता, तो पहिल्यांदा कोणी आणि कसा निर्माण केला, याचा मी जमेल तसा शोध घेत आलो, आणि त्या शोधातून जे हाती लागले ते या लेखात मांडतो आहे.

ही वाट इंग्लंडमधल्या कोलचेस्टर शहराजवळच्या एसेक्स विद्यापीठात जाऊन पोहोचते. १९७८ सालच्या शरद ऋतूत तिथल्या रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर एक छोटा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, लिहिला. त्याआधी शब्दांतून खेळायचे साहसी खेळ नव्हते असे नाही. अमेरिकेत विल क्राउदर यांनी १९७६च्या सुमारास ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा खेळ लिहिला होता. क्राउदर स्वतः गुहांचे अभ्यासक होते, केंटकी राज्यातल्या मॅमथ गुहेत ते प्रत्यक्ष उतरलेले होते, आणि त्या गुहेचाच नकाशा त्यांनी खेळात आणला. पुढे स्टॅनफर्डच्या डॉन वुड्स यांनी १९७७मध्ये त्यात भर घातली. त्यापाठोपाठ अमेरिकेतल्याच एमआयटी या विद्यापीठातल्या मंडळींनी ‘झॉर्क’ लिहिला आणि त्याची फोरट्रान भाषेतली आवृत्ती ‘डन्जन’ या नावाने संगणकांवरून फिरू लागली. पीडीपी-१०वर फाइलचे नाव सहा अक्षरांत बसवावे लागत असल्यामुळे तिथे एक अक्षर गाळून ते लिहिले जाई. ट्रबशॉ हा खेळ खेळत असत आणि त्यांच्या खेळाच्या नावातले ‘डन्जन’ तिथूनच आले आहे : मल्टि-युझर डन्जन, म्हणजे अनेकांनी एकत्र उतरायचे भुयार. या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘मड’ हे नाव रूढ झाले. इंग्रजीत त्याचा अर्थ चिखल असा होतो, आणि या खेळातले खजिने शेवटी दलदलीतच टाकायचे असतात, हा योग मला नेहमीच सुंदर वाटत आला आहे.

‘अ‍ॅडव्हेंचर’ काय किंवा ‘झॉर्क’ काय, त्यांत खेळणारा माणूस एकटा असे. गुहेत राक्षस भेटत, चोर भेटत, पण दुसरा माणूस भेटत नसे. माझ्या मते ट्रबशॉ यांचे मोठेपण इथे आहे. त्यांनी राक्षस, जादू किंवा खजिने शोधून काढले नाहीत, ती सामग्री १९७४ साली निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या बैठ्या खेळापासून आणि त्याही आधीच्या कथांपासून तयारच होती. त्यांनी शोधून काढली ती दुसऱ्या माणसाला उभे राहायची जागा.

हे त्यांनी कसे साधले, ते थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण या खेळाचा पुढचा सगळा इतिहास त्या एका युक्तीतून निघालेला आहे. पीडीपी-१० हा वेळ वाटून देणारा संगणक होता. एकच यंत्र, पण त्याला अनेक टर्मिनल, म्हणजे टंकण्याची आणि उत्तर पाहण्याची साधने, जोडलेली, आणि प्रत्येक टर्मिनलवर बसलेल्याला हे यंत्र आपल्या एकट्याचेच आहे असा भास होई. त्या काळी स्मृती म्हणजे मेमरी फार महाग असल्यामुळे, एकच कार्यक्रम दहा जण चालवत असतील तर त्याच्या दहा प्रती ठेवणे परवडत नसे. म्हणून कार्यक्रमाच्या स्मृतीचे दोन भाग करत : एक ज्याचा त्याचा खासगी, आणि दुसरा सर्वांना मिळून एकच. हा सामाईक भाग सर्वांनी फक्त वाचायचा, अशी साधारण रीत होती.

वर्गात मुलांना हे सांगताना मी नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांचे उदाहरण देतो. वाड्यात प्रत्येक बिऱ्हाडाला आपली खोली असते, खोलीत आपापली ट्रंक असते, आणि मधल्या चौकात सर्वांसाठी एक फळा टांगलेला असतो. फळ्यावरची सूचना येता-जाता सगळे वाचतात, पण तिला कोणी हात लावत नाही. ट्रबशॉ यांच्या लक्षात आले की हा सामाईक भाग लिहिण्यासाठीही मोकळा करता येतो. म्हणजे त्यांनी प्रत्येक बिऱ्हाडकरूच्या हातात खडू दिला. मी फळ्यावर ‘दार उघडले’ असे लिहिले की त्याच क्षणी तुमच्यासाठीही दार उघडते. मी तलवार उचलली की तुमच्या दृष्टीनेही ती जमिनीवरून नाहीशी होते. मी एका जागेवर माझे नाव लिहिले की तिथे येणाऱ्या प्रत्येकाला मी तिथे उभा असलेला दिसतो. धरमपेठेतला आमचा ‘येथे’ अशाच कुठल्यातरी फळ्यावर लिहिलेला होता, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले आणि मोठा आनंद झाला.

पहिली आवृत्ती ही एवढीच गोष्ट शक्य आहे की नाही हे पाहण्यासाठी केलेली चाचणी होती. ती चालते असे दिसताच ट्रबशॉ यांनी लगेच दुसरी लिहायला घेतली. या दोन्ही आवृत्त्या मॅक्रो-१० या यंत्राच्या अगदी जवळच्या असेम्ब्ली भाषेत होत्या, त्यामुळे खेळात नवी गोष्ट घालायची म्हटले की सगळ्या डोलाऱ्यात हात घालावा लागे, आणि जसजशी भर पडत गेली तसतसा तो डोलारा आवरेनासा झाला. म्हणून १९७९च्या अखेरीस त्यांनी सगळे नव्याने लिहायला सुरुवात केली. या खेपेला भाषा होती बीसीपीएल, जिच्या वंशात पुढे सी भाषा जन्माला आली. याच वेळी त्यांनी आणखी एक दूरदृष्टीचा निर्णय घेतला : खेळ चालवणारे यंत्र, म्हणजे इंजिन, वेगळे आणि खेळातल्या जगाचे वर्णन वेगळे. जग लिहिण्यासाठी त्यांनी स्वतंत्र भाषाच तयार केली. कोणती खोली, तिचे वर्णन काय, तिथून कोणत्या दिशेला कुठे जाता येते, कोणती वस्तू कुठे पडलेली आहे, हे सगळे त्या भाषेत मांडायचे. त्यामुळे इंजिनाला धक्का न लावता दुसरे जग रचता येई, आणि एसेक्समध्ये इतरांनी त्याच इंजिनावर आपापली जगे रचलीही.

१९८०मध्ये ट्रबशॉ यांचे शिक्षण संपत आले आणि अर्धे झालेले काम त्यांनी रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्याच्या स्वाधीन केले. बार्टल मुळात गणितासाठी आलेले आणि नंतर संगणकशास्त्राकडे वळलेले होते. ट्रबशॉ यांनी जग उभे केले होते, त्या जगाला खेळ केले ते बार्टल यांनी. जगाचा बराच मोठा भाग त्यांच्या लेखणीतून उतरला, आणि गुण, पायऱ्या, अखेरचे ध्येय या गोष्टीही त्यांनी बसवल्या.

या पायऱ्यांविषयी मला अंमळ रेंगाळून लिहावेसे वाटते. नवा माणूस शून्यावर ‘नोव्हिस’ म्हणून येतो. ४०० गुणांना तो योद्धा होतो, ८००ला वीर, १,६००ला त्याच्या वरचा, आणि अशा रीतीने दर पायरीला आकडा दुप्पट होत जातो. बुद्धिबळाच्या पटावरच्या धान्याच्या दाण्यांची गोष्ट आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असते, त्यामुळे दुपटीचा हा हिशेब किती निर्दय असतो हे वेगळे सांगायला नको. ५१,२०० गुणांना माणूस ‘लेजंड’ होतो आणि १,०२,४०० गुणांना ‘विझार्ड’, म्हणजे जादूगार. तिथपर्यंतचा रस्ता मुख्यतः खजिन्यांचा. भूमीत ठिकठिकाणी दडवलेले खजिने शोधायचे आणि ते दलदलीत नेऊन टाकायचे, की गुण मिळतात आणि खजिना बुडतो. दुसरा रस्ता लढाईचा, पण तिथे मरणही खरे असे. लढाईत मारला गेलेला माणूस आपले पात्र कायमचे गमावून बसे आणि महिनोन्‌महिने साठवलेले गुण शून्यावर येत. जो विझार्ड होई त्याला मात्र मरण नसे. दुसऱ्या खेळाडूला काय दिसते आहे हे तो गुपचूप पाहू शके, आणि मनात आणले तर बोटाच्या एका खुणेने त्याला संपवूही शके. एवढी सत्ता हाती आलेल्या माणसाने पुढे कसे वागायचे, हा खेळातला सर्वांत अवघड भाग होता असे मला वाटते.

या रचनेमागे एक विचार होता. ज्या समाजात माणसाचे स्थान त्याच्या घराण्यावरून आणि बोलण्याच्या ढंगावरून ठरते, त्या समाजाला उत्तर म्हणून आपण असे जग उभे केले की जिथे माणूस स्वतःच्या वागण्याने आणि कष्टाने वर जातो, असे बार्टल यांनी पुढे वेळोवेळी सांगितले आहे. आज फोनवरच्या खेळांत जो तो ‘लेव्हल’ वाढवत असतो, पण या शब्दामागे मुळात वर्गभेदाविषयीची चीड होती, हे फारच थोड्यांना माहीत असते. ज्या प्रदेशात जन्मावरून ठरणाऱ्या पायऱ्यांविरुद्ध एवढा मोठा लढा झाला, आणि ज्या शहरातली दीक्षाभूमी त्या लढ्याची साक्ष आहे, तिथे राहणाऱ्या मला ही गोष्ट वाचून पुस्तक मिटून काही वेळ नुसते बसावे लागले होते.

सामाईक फळ्याचा एक परिणाम असा की त्यावरचे लिखाण पुसावेही लागते. एकट्याच्या खेळात ड्रॅगन मेला तर बिघडत नाही, पुढचा माणूस नवा खेळ सुरू करतो. इथे मात्र सकाळी कोणी ड्रॅगन मारला की संध्याकाळी येणाऱ्यालाही तो मेलेलाच दिसायचा, आणि दलदलीत गेलेले खजिने परत येत नसत. त्यामुळे ‘मड’मध्ये काही काळाने सारे जग रीसेट करावे लागे : सर्वांना बाहेर पाठवायचे, दारे पुन्हा लावायची, खजिने पुन्हा जागच्या जागी ठेवायचे, ड्रॅगनला उठवायचे. प्रलय होऊन पुन्हा सृष्टी व्हावी तसा हा क्रम चाले. या जगात आपोआप हिंडणाऱ्या प्राण्यांना आणि राक्षसांना बार्टल यांनी ‘मोबाइल’ म्हटले होते. त्याचेच पुढे ‘मॉब’ झाले, आणि माझा भाचा लक्ष्मीनगरातल्या घरी फोनवर खेळताना “मॉब आले, मॉब आले” असे ओरडतो तेव्हा तो एसेक्समधलाच शब्द उच्चारत असतो.

हा खेळ विद्यापीठाच्या भिंतींबाहेर गेला तो १९८०मध्ये, जेव्हा ब्रिटनमधल्या एका प्रायोगिक जाळ्यामार्फत एसेक्सचा संगणक अमेरिकेतल्या आर्पानेटला, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाला, जोडला गेला. पुढे घरी संगणक आणि मोडेम असलेली माणसेही येऊ लागली. विद्यापीठाने या बाहेरच्यांना मज्जाव केला नाही. नेहमीचे वापरणारे झोपी गेलेले असतील अशा उत्तररात्रीच्या वेळात त्यांनी यावे, एवढीच अट होती. टेलिफोनचे बिल सोसून, पहाटेपर्यंत डोळे ताणून माणसे येत राहिली. जगाच्या दुसऱ्या टोकाला, कमी दराच्या रात्री शोधत फिरणाऱ्या आम्हा दोघांना ही माणसे सख्खी वाटतात.

यानंतरचा विस्तार वेगाने झाला. बार्टल आणि ट्रबशॉ यांनी आपली कल्पना मुठीत धरून ठेवली नाही. इतरांनी तसेच खेळ लिहायला घेतले तेव्हा त्यांनी अडवले नाही, उलट उत्तेजनच दिले. १९८५च्या सुमारास निघालेला ‘शेड्स’ आणि बेन लॉरी यांचा ‘गॉड्स’ हे त्या पिढीतले खेळ. हेच लॉरी पुढे संकेतस्थळे चालवणाऱ्या अपाचे सर्व्हरमध्ये सुरक्षित देवाणघेवाणीची सोय आणण्याच्या कामासाठी ओळखले गेले. वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथच्या विद्यापीठात १९८७ साली अ‍ॅलन कॉक्स आणि त्यांच्या मित्रांनी ‘अ‍ॅबरमड’ लिहिला. तो सी भाषेत आल्यावर युनिक्स ही संगणकप्रणाली असलेल्या विद्यापीठांतून झपाट्याने पसरला, आणि याच कॉक्स यांचे नाव पुढे लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याशी जोडले गेले. १९८९मध्ये कार्नेगी मेलनच्या जिम अ‍ॅस्पनेस यांनी ‘टायनीमड’मधून लढाईच काढून टाकली आणि प्रत्येक पाहुण्याला खोल्या बांधायची मुभा दिली. त्याच वर्षी स्वीडनमधल्या लार्स पेन्शो यांनी ‘एलपीमड’ लिहून लढाई आणि बांधकाम या दोहोंचा मेळ घातला.

आम्ही धरमपेठेत खेळत होतो तो मात्र या कुळाच्या दुसऱ्या शाखेतला होता. कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातल्या पाच विद्यार्थ्यांनी १९९०-९१मध्ये ‘डिकूमड’ लिहिला. विभागाच्या डॅनिश नावाची आद्याक्षरे घेऊन ‘डिकू’ हा शब्द झाला. त्यांच्यापुढे नमुना होता ‘अ‍ॅबरमड’चा. त्यांनी सगळे जग एकदम बुडवण्याऐवजी प्रदेशाप्रदेशाने आणि वेगवेगळ्या वेळी सृष्टी पूर्ववत करण्याची पद्धत वापरली, त्यामुळे खेळाडूंना बाहेर जावे लागत नसे. या खेळाची संकेतावली, म्हणजे कोड, त्यांनी सर्वांसाठी खुली केली, परंतु तिच्यावर नफा कमवायचा नाही अशी अट घातली. त्यातून असंख्य खेळ निघाले. १९९९ साली चित्रांसह आलेला ‘एव्हरक्वेस्ट’ डिकूच्या पद्धतीशी इतका मिळताजुळता होता की त्याच्या कर्त्यांना आपण डिकूची संकेतावली वापरलेली नाही असे लेखी प्रतिज्ञेवर सांगावे लागले. २००४ सालच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’पर्यंत ही वंशावळ सरळ मोजता येते.

बार्टल यांनी १९९६मध्ये खेळाडूंविषयी एक निबंध प्रसिद्ध केला, तो आजही वाचला जातो. त्यांनी पत्त्यांच्या चार रंगांवरून खेळाडूंचे चार स्वभाव सांगितले : चौकटचे लोक गुण आणि संपत्ती जमवतात, इस्पिकचे भूमी खणून काढतात, बदामचे लोक माणसांसाठी येतात, आणि किलवरचे इतरांना छळण्यासाठी. इंग्रजीत इस्पिकला आणि फावड्याला एकच शब्द आहे, म्हणून शोधणाऱ्यांना इस्पिक मिळाले. माझा मित्र निःसंशय चौकटचा होता. मी इस्पिकचा. तो लढायला गेला की मी एखाद्या खोलीचे वर्णन शब्दकोश घेऊन पुन्हा पुन्हा वाचत बसे.

मूळ ‘मड’चे पुढे काय झाले, तेही सांगतो. अमेरिकेतल्या कॉम्प्युसर्व्ह या सेवेने तो १९८७पासून ‘ब्रिटिश लेजंड्स’ या नावाने तासावर पैसे घेऊन चालवला. १९९९ संपताना, सन २०००च्या अडचणीसाठी, म्हणजे वर्षाचे दोनच आकडे लिहिणारे जुने संगणक २०००मध्ये गोंधळतील या भीतीने, जुनी यंत्रणा काढून टाकण्याची जी मोहीम झाली तीत तोही बंद पडला. व्हिक्टर टॉथ यांनी मात्र जुन्या बीसीपीएल संकेतावलीवरून त्याचे नव्या संगणकासाठी पुनर्लेखन केले आणि तो पुन्हा सर्वांसाठी खुला केला. म्हणूनच माझ्यासारख्याला त्यात जाता आले.

काही वर्षांपूर्वी एका डिसेंबरच्या रात्री मी पहिल्यांदा तिथे गेलो. एका अरुंद रस्त्यावर मी उभा होतो. दोन्ही बाजूंना डोंगरांचे पायथे, पश्चिमेला दूर एक गवताने शाकारलेली झोपडी आणि तिच्या समोर जुनी स्मशानभूमी, पूर्वेला धुक्यात बुडालेली खिंड. चार-पाच ओळींचेच वर्णन, पण त्यात एक शब्द जास्त नव्हता. वर्णन संपले की पाय कुठे वळवायचे हे ठरवायला जेवढे लागते तेवढेच त्यात होते. त्या रात्री मला मराठीत असे लिहून पाहावेसे वाटले. १९९९ साली त्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटण्याची सोय नव्हती, आम्ही एकमेकांशी रोमन अक्षरांतून मराठी बोलत होतो. आता ती अडचण उरलेली नाही. मी वहीत लिहिले :

‘तुम्ही झिरो माईलच्या खांबाजवळ उभे आहात. चार घोडे तुमच्याकडे पाठ करून उन्हात तळपत आहेत. उत्तरेला विधानभवन, दक्षिणेला सीताबर्डीचा बाजार, पूर्वेकडचा रस्ता रेल्वे स्थानकाकडे जातो. खांबाच्या सावलीत एक संत्रे पडले आहे.’

घोडे खरोखर कुणीकडे तोंड करून आहेत हे पाहायला मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेलो आणि परत येऊन ते वाक्य बदलले. मग एक खोली आणखी लिहिली, मग आणखी एक. आज त्या वहीत सत्तावीस खोल्या आहेत, अंबाझरीच्या बांधापासून महालातल्या त्या वाड्याच्या चौकापर्यंत, आणि चौकात फळा आहे. माझ्याकडे शिकणाऱ्या दोन मुलींनी त्यासाठी छोटे इंजिन लिहायला घेतले आहे. दोघांनी एकाच वेळी ते संत्रे उचलले तर ते कोणाच्या हाती जावे, यावर त्यांचा गेला आठवडाभर वाद चालू आहे.

मित्र आता दूरच्या देशात असतो. त्याला मी मूळ ‘मड’चा पत्ता पाठवला होता. आमच्या वेळा जुळत नाहीत, म्हणून त्याची दुपार आणि माझी रात्र धरून आम्ही तिथे भेटलो. त्याने पहिल्याच तासात कोणाशी तरी लढाई काढली आणि पात्र गमावले. मी झोपडीपासून वाट शोधत निघालो होतो. कागदावर नकाशा काढत, चुकत, दोन रात्रींनी एक छोटासा खजिना घेऊन दलदलीपाशी पोहोचलो आणि तो टाकला. गुण वाढल्याची ओळ उमटली. थोड्या वेळाने जग रीसेट झाले, आम्ही बाहेर पडलो, आणि तो खजिना पुन्हा आपल्या जागी गेला.